सांगितलेली गोष्ट कुणाची?

शाळेत चित्रकलेच्या मास्तराला काम नसते अशी एक समजूत आहे. गणिताचा मास्तर वह्या तपासतो, मराठीचा मास्तर ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढतो, आणि चित्रकलेचा मास्तर म्हणे रंग वाळण्याची वाट पाहत बसतो. त्यामुळे जे काम कुणाचेच नसते ते आपोआप माझ्याकडे येते. स्नेहसंमेलनाचा पडदा रंगवणे, फळ्यावर सुविचार लिहिणे, आणि गेली दहा-अकरा वर्षे संगणकात मुलांची माहिती भरणे. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही; चित्रकलेची पदविका घेतली, नोकरीला लागलो आणि सुट्ट्यांत कादंबऱ्या लिहिल्या. तरीही शाळेतल्या यच्चयावत मुलांची जन्मतारीख, जात, आईचे नाव, बापाचे उत्पन्न, रक्तगट आणि बँकेचे खाते यांचा मी राखणदार आहे. कादंबरीकाराला एवढे भांडार आयते मिळावे आणि त्यातले एक अक्षरही वापरायची मुभा नसावी, ही शिक्षा मी निमूटपणे भोगतो आहे.

निमूटपणे म्हणालो खरा, पण एकदा माझ्या हातून चूक झाली. ती सांगितल्याशिवाय मला पुढचे काही लिहिता येणार नाही.

२०२१ चा जून महिना. शाळेला कुलूप, मुले घरी, आणि ज्या घरात एकच फोन तिथे तो बापाबरोबर कामावर गेलेला. अशा वेळी एका कंपनीचा तरुण मनुष्य आमच्याकडे आला. घरबसल्या अभ्यासाचे एक ॲप वर्षभर फुकट देतो म्हणाला. अट एकच, मुलांची यादी हवी. नाव, इयत्ता, जन्मतारीख, पालकांचा मोबाईल नंबर. आणि शेवटी एक बारीकसा रकाना होता, 'आईवडील एकत्र राहतात काय?' मुख्याध्यापक हो म्हणाले. मी एका रात्रीत यादी तयार करून पाठवली. झोपताना मनात पुण्य केल्याची भावना होती, हे कबूल केले पाहिजे.

त्या यादीत पाचवीतली एक मुलगी होती. तिची आई तीन वर्षांपूर्वी नवऱ्याचे घर सोडून दुसऱ्या जिल्ह्यातून आमच्या गावी मावशीच्या आश्रयाला आलेली. का सोडले ते तिने सांगितले नाही, आणि तिच्या मनगटावरचे वण पाहिल्यावर मी विचारले नाही. मुलीचे नाव दाखल करताना ती एवढेच म्हणाली होती, "सर, हा नंबर तुमच्यापाशीच राहू द्या." मी 'हो' म्हणालो होतो. यादी भरताना तो 'हो' मला आठवला नाही. दोनशेचाळीस ओळी होत्या, आणि ती त्यांतली एक ओळ होती.

डिसेंबरात ती शाळेत आली. कुणा अनोळखी माणसाचा फोन आला होता. त्याने मुलीचे नाव बापाच्या नावासकट घेतले, इयत्ता सांगितली, शाळेचे नाव सांगितले, आणि फीसाठी कर्ज देऊ केले. 'एकट्या आयांसाठी' म्हणे खास सवलत होती. ती रागावली असती तर मला बरे वाटले असते. ती हळू आवाजात म्हणाली, "त्याला कळलं म्हणजे कुणालाही कळेल. तुम्ही कुणाला दिला होता, सर?"

आठ दिवसांनी तिने फोनचा नंबर बदलला. मुलगी दोन महिने शाळेत आली नाही.

मी हे मुख्याध्यापकांना सांगितले तेव्हा त्यांना वाईट वाटले. माणूस भला आहे. पण ते म्हणाले, "अहो, आपण वस्तू थोडीच दिली? माहितीच तर दिली. आपल्याकडची काही कमी झाली का?" त्यांचे हे वाक्य अनेक महिने माझ्या डोक्यात घोळत राहिले. दिसायला ते निरुत्तर करणारे आहे. पुस्तक दिले तर माझे कपाट रिकामे होते. नंबर दिला तर माझी वही जशीच्या तशी राहते. मग गेले काय? विचार करता करता एवढे लक्षात आले की, हिशेब माझ्या वहीचा करून चालणार नाही. माझ्याकडचे काही कमी झाले नव्हते, कमी झाले ते तिच्याकडचे. गावात निर्धास्तपणे वावरण्याची, दारावर थाप पडली तर दचकून न उठण्याची जी थोडीशी पुंजी तिने तीन वर्षांत जमवली होती, ती मी दुसऱ्याला देऊन बसलो होतो.

मग मी शोध घेऊ लागलो. कंपनीचा नंबर बंद. ती दुसऱ्या एका कंपनीने विकत घेतली होती. ॲपच्या अटींचे लांबलचक इंग्रजी चऱ्हाट होते, ते इंग्रजीच्या शिक्षकांना शेजारी बसवून वाचले. त्यात लिहिले होते की, माहिती कोणत्याही देशात साठवता येईल, 'भागीदारां'ना देता येईल, आणि वाद झाल्यास तो समुद्रापलीकडच्या एका शहरातल्या न्यायालयात चालेल. मी पत्र लिहिले. यंत्राचे उत्तर आले. पत्राबद्दल त्याने माझे आभार मानले होते.

आमच्या सार्वजनिक वाचनालयात याज्ञवल्क्यस्मृतीचे एक जुने मराठी भाषांतर आहे. कादंबरीसाठी काही शोधत असताना मी ते पूर्वी चाळले होते. आता नीट वाचले. त्यात उपनिधीचे एक लहानसे प्रकरण आहे. आत काय आहे ते न सांगता, बंद पेटीत घालून, विश्वासाने दुसऱ्याच्या हाती सोपवलेली ठेव ती उपनिधी. ती जशीच्या तशी परत करायची. जो त्या ठेवीवर स्वतःचे पोट भरील त्याला दंड, आणि वर नफ्यासकट भरपाई. मात्र राजाने नेली, दैवाने नेली किंवा चोराने नेली तर ठेव सांभाळणाऱ्याकडे दोष नाही. दीड हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या माणसांना आपला प्रश्न किती ओळखीचा होता याचे मला नवल वाटले. पण पुस्तक मिटल्यावर ध्यानात आले की, नेमक्या दोन ठिकाणी ते आपल्याला पुरत नाही. पेटी परत केली म्हणजे ती माझ्याकडे उरत नाही. माहिती परत केली तरी उरते, आणि तिच्या किती नकला झाल्या हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. दुसरे असे की, राजा आणि चोर या दोघांना स्मृतिकारांनी दैवाच्या पंक्तीला बसवले. त्यांच्यापुढे इलाज नाही असे मानले. आजचा सगळा झगडा याच दोघांशी आहे.

राजाचे उदाहरण हॉलंडमधले आहे. ते वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही. त्या देशात दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून नागरिकांची फार व्यवस्थित नोंद ठेवलेली असे. प्रत्येकाच्या नावाचे कार्ड, आणि कार्डावर धर्मही लिहिलेला. त्यामागे वाईट हेतू कुणाचाच नव्हता. नीटनेटक्या, कर्तव्यदक्ष कारकुनांनी केलेले ते नीटनेटके काम होते. माझ्यासारख्याच कुणीतरी रात्री जागून ते पुरे केले असेल. १९४० साली जर्मन सैन्य आले आणि ती कपाटे त्याच्या ताब्यात गेली. ज्यू कोण हे शोधायला दारोदार हिंडावे लागले नाही. त्या देशातल्या सुमारे १,४०,००० ज्यूंपैकी १,००,००० हून अधिक मारले गेले. एवढ्या मोठ्या संहाराला एकच कारण नसते हे मी जाणतो. पण ती कार्डे उपयोगी पडली हे कुणीही नाकारत नाही.

२७ मार्च १९४३ च्या रात्री ॲम्स्टरडॅमच्या नोंदणी कचेरीवर काही माणसे पोलिसांच्या वेषात चालून गेली. वेष त्यांच्यातल्याच एका शिंप्याने शिवले होते. पहारेकऱ्यांना गुंगीचे औषध टोचून त्यांनी बाहेर नेऊन ठेवले, म्हणजे कुणाचा जीव जाऊ नये, आणि कार्डांच्या ढिगाला आग लावली. आगीचे बंब आले ते सावकाश आले. आणि जी कार्डे जळली नाहीत ती निदान भिजून नासावीत म्हणून बंबवाल्यांनी पाण्याचा हात जरा सैल सोडला. सुमारे आठ लाख कार्डे नष्ट झाली. एकूण नोंदींचा तो जेमतेम सातवा हिस्सा. पुढे फितुरी झाली आणि १ जुलै १९४३ रोजी बारा जणांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांच्या म्होरक्यांपैकी विलेम आरॉन्डेउस हा चित्रकार होता, कादंबऱ्याही लिहीत असे, आणि वय अठ्ठेचाळीस. दिवसा चित्रे, रात्री कादंबऱ्या आणि वय चाळिशीतले, हे वर्णन वाचून मी थोडा वेळ नुसताच बसून राहिलो. त्याने जाळली आणि मी भरली.

यावरून कुणी म्हणेल, मग लिहूच नका. जे लिहिलेले नाही ते चोरालाही नेता येत नाही आणि राजालाही. मलाही काही दिवस हेच उत्तर पटले होते. पण दरवर्षी दिवाळी झाली की आमच्याकडची ऊसतोडीची कुटुंबे कारखान्यांच्या दिशेने निघतात; काही पश्चिम महाराष्ट्रात, काही पार कर्नाटकात. बरोबर पोरे जातात. ती पोरे कुठे गेली, कोणत्या इयत्तेत होती, लस टोचली होती की नव्हती, हे कुठेतरी लिहिलेले असले तरच तिकडची शाळा त्यांना बसवून घेते. ज्याची नोंद नाही त्याची चौकशीही कुणी करत नाही. आणि माहिती गावाच्या वेशीबाहेर गेलीच नाही तर ती निरुपयोगीच. म्हणजे लिहायचेही आहे आणि पाठवायचेही आहे. प्रश्न उरतो तो पाठवणाऱ्याचे काय होते आणि पोचल्यावर कोण जबाबदार, हा.

देशादेशांत तर हा प्रश्न फार उघडा पडतो. २००७ साली इंडोनेशियाने पक्ष्यांच्या तापाच्या विषाणूचे नमुने जगाला देण्याचे नाकारले. तिथल्या आरोग्यमंत्री सिती फादिला सुपारी यांचे म्हणणे असे की, आजार आमच्या माणसांना होतो, नमुने आम्ही विश्वासाने देतो, त्यावरून श्रीमंत देशांतल्या कंपन्या लस बनवतात, आणि ती लस आम्हालाच परवडत नाही. जगभर त्यांच्यावर टीका झाली. नमुने अडवून ठेवण्यात धोका होताच. परंतु त्या हटून बसल्या म्हणूनच वाटाघाटी सुरू झाल्या, आणि २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेत असा करार झाला की, जे कारखानदार या नमुन्यांचा लाभ घेतील त्यांनी पैशाच्या आणि लसींच्या रूपाने काही परतही द्यावे. मला तर ते याज्ञवल्क्याचे 'नफ्यासकट' आठवले.

दक्षिण आफ्रिकेची गोष्ट याहून कडू आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी करोनाचा एक नवा प्रकार ओळखला आणि लपवून न ठेवता ताबडतोब जगाला कळवला. त्याचे नाव पुढे ओमायक्रॉन पडले. दोन-तीन दिवसांत अनेक देशांनी त्यांची विमाने बंद केली. वर्गात एखाद्या मुलाने उठून खरे सांगावे आणि मास्तराने त्यालाच वर्गाबाहेर उभे करावे, तसे झाले. पुढच्या वेळी तो मुलगा खरे बोलेल काय? मी पंचवीस वर्षे मुले पाहतो आहे. तो बोलणार नाही.

यामुळेच २०१९ च्या जूनमध्ये जपानमध्ये ओसाका येथे जे घडले त्याकडे मी कुतूहलाने पाहिले. बड्या राष्ट्रांच्या बैठकीत जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांनी सुचवले की, माहितीचा प्रवाह देशोदेशी विश्वासाने मोकळा वाहू द्यावा. पुष्कळांनी सही केली. भारत, इंडोनेशिया आणि दक्षिण आफ्रिका यांनी केली नाही. तेव्हा मला देशाचा अभिमान वाटला होता. आमच्या माहितीवर दुसऱ्यांनी गब्बर व्हावे आणि आम्ही 'विश्वास' म्हणत बसावे, हे मलाही रुचत नाही. पण २०२१ च्या डिसेंबरनंतर तोच अभिमान जरा चाचपून पाहावासा वाटू लागला. 'माहिती ही राष्ट्राची संपत्ती' असे आपण म्हणतो तेव्हा त्या बाईचा नंबर नक्की कुणाचा झाला? तो परदेशातल्या यंत्रात असला काय आणि आपल्याच देशातल्या यंत्रात असला काय, दारावरची थाप तिला सारखीच ऐकू येणार. माहितीला कुणी खनिज तेलाची उपमा देते, कुणी सोन्याची. तेल जमिनीतून निघते. ही माणसांच्या आयुष्यातून निघते. तिने तो नंबर राष्ट्राला दिला नव्हता. मला दिला होता.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हे अगदी स्वच्छ सांगितले आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने ठरवले की, खाजगीपणा हा माणसाचा मूलभूत अधिकार आहे. संसदेने कायदा २०२३ साली केला. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात निघाले आणि मुख्य कर्तव्यांना त्यांत आणखी अठरा महिन्यांची मुदत दिली. मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती हवी असे त्यात आहे, ते मला फार आवडले. सरकारने स्वतःला मोठी सवलत ठेवली आहे, ते आवडले नाही. स्मृतिकारांनी राजाला जिथे सोडून दिले तिथेच आपणही सोडून द्यावे, एवढी जुन्याची ओढ बरी नव्हे.

आणि कायदा झाला तरी तो वेशीपर्यंतच. यंत्र तिकडे, कंपनी आणखी तिसरीकडे. ऑस्ट्रियातल्या माक्स श्रेम्स नावाच्या कायद्याच्या विद्यार्थ्याने २०१३ साली फेसबुकविरुद्ध तक्रार केली की, माझी माहिती अमेरिकेत जाते आणि तिथल्या हेरखात्यांपासून तिला संरक्षण नाही. त्याने ती तक्रार आयर्लंडमध्ये केली, कारण कंपनीची युरोपातली कचेरी तिथे. प्रकरण युरोपच्या न्यायालयात गेले आणि २०१५ साली युरोप-अमेरिकेतला माहितीच्या देवघेवीचा अख्खा करार रद्द झाला. २०२० साली त्याच्या जागी आलेला दुसराही. लोक त्याच्या जिद्दीचे कौतुक करतात, ते योग्यच आहे. मला हेवा वाटतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. त्याला पत्र पाठवायला पत्ता होता. परक्या देशातली एक कचेरी त्याचे पाकीट फोडून वाचायला बांधलेली होती.

पत्रावरून पोस्टाची आठवण होते. १८७४ पूर्वी एका देशातून दुसऱ्या देशात पत्र धाडायचे तर त्या दोन देशांचा आपसात वेगळा करार असावा लागे. दर वेगळे, वाटा वेगळ्या. त्या वर्षी बर्न येथे राष्ट्रे जमली आणि टपालसंघ स्थापन झाला. हिंदुस्थान १८७६ साली त्यात आला. तेव्हापासून आपल्या गावचे तिकीट लावलेले पत्र परक्या देशाचा पोस्टमन परक्या माणसाच्या दारी मुकाट्याने नेऊन देतो. त्यानंतर या राष्ट्रांनी दोन महायुद्धे केली, पण टपालसंघ मोडला नाही. माहितीच्या बाबतीत जग अजून १८७४ च्या अलीकडेच घुटमळते आहे. युरोपातल्या राष्ट्रांनी १९८१ मध्ये एक करार केला. त्यात बाहेरच्यांनाही दार उघडे ठेवले, पण पहिले बाहेरचे राष्ट्र, उरुग्वे, आत आले ते २०१३ मध्ये. आफ्रिकेतल्या राष्ट्रांनी २०१४ साली आपला करार लिहिला. पुरेशा राष्ट्रांची संमती मिळून तो अमलात यायला २०२३ उजाडले. संयुक्त राष्ट्रसंघाने सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वांचा मिळून एक डिजिटल करारनामा संमत केला आणि माहितीच्या कारभाराचा विचार करायला एक कार्यगट नेमायचे ठरवले. कार्यगट म्हटले की आमच्या शाळेतल्या समित्या डोळ्यांपुढे येतात, हा माझा दोष.

सहकार्य म्हणजे काय असे कुणी मला विचारले तर मी मोठाली कलमे सांगणार नाही. आमच्या तालुक्यातून एका बाईने मराठीत लिहिलेली तक्रार जगात जिथे कुठे ते यंत्र असेल तिथे कुणीतरी उघडून वाचली पाहिजे, आणि 'आमच्याकडे एवढे आहे, अमक्या-अमक्याला दिले, आता पुसले' असे तिला कळवले पाहिजे. एवढे झाले तरी तिला उत्तर मिळाले असे मी समजेन. कारण मी तिची क्षमा मागायला तिच्या घरी गेलो तेव्हा तिने मला चहा दिला, आणि एकच विचारले, "आता ते कुणाकुणाकडं आहे, सर?" मला ते सांगता आले नाही. आजही येत नाही.

मुलगी परत शाळेत आली. आता दहावीत आहे. हात चांगला आहे तिचा. जलरंगात पावसाळी उजेड तिला जसा धरता येतो तसा मलाही येत नाही. गेल्या महिन्यात एका मोठ्या चित्रस्पर्धेचा अर्ज मी तिच्यासाठी भरायला बसलो. नाव, वय, शाळा झाले. पालकांच्या मोबाईलचा रकाना मी कोरा सोडला. पान पुढे सरकेना. दहा शून्ये घातली. यंत्र म्हणाले, हा नंबर चालणार नाही. मी तिच्या आईला बोलावून आणले आणि काय करायचे ते विचारले. ती पडद्याकडे थोडा वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "तुमचाच घाला."

मी घातला. तेव्हापासून रोज मला फोन येतात. परवा, वसुबारसेच्या संध्याकाळी, आमच्या घरी गाय-वासराची रांगोळी पुरी होत असताना एकाने विचारले, मुलीच्या पुढच्या शिक्षणाचा काही विचार केला आहे काय? मी म्हटले, पुष्कळ केला आहे, पण आधी तुम्ही मला सांगा, हा नंबर तुम्हाला कुणी दिला? त्याने फोन ठेवला. आता मी प्रत्येकाला हेच विचारतो.